वत्सलाबाईंचं दुखणं

खंडेराव सोनवण्यांच्या दारात स्कूटर आली आणि त्यांच्या सुखाला नेमकं त्याच महिन्यात बायकोच्या सायकलीनं पंक्चर केलं.

स्कूटर काही सहज आलेली नव्हती. नंबर लावून कित्येक वर्षं वाट पाहिली होती. त्या वर्षांत खंडेरावांचे केस पांढरे झाले, पोट सुटलं, मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि मग कुठे ती फिकट निळी बाई कॉलनीत अवतरली. तिला हार घातला, नारळ फोडला, सगळ्या कॉलनीला पेढे वाटले. द्वारका चौकाजवळच्या आमच्या त्या कॉलनीत तेव्हा माणसाची किंमत त्याच्या दारात काय उभं आहे यावरून ठरत असे आणि खंडेरावांची किंमत एका दिवसात वाढली. त्यांची जुनी सायकल जिन्याखाली गेली. तिच्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या टाकल्या.

आणि अशा वेळी वत्सलाबाईंनी सायकल घेतली. पंचवटीतल्या शाळेत त्या मास्तरीण होत्या. सिटीबस कधी यायची नाही, आली तर थांबायची नाही, थांबली तर आत उभं राहायला जागा नसायची. गुडघे दुखायचे. रात्री मलम चोळत त्या बसच्या नावानं बोटं मोडायच्या. शाळेतल्या एका बाईंची बदली झाली, त्यांची लेडीज सायकल विकायला निघाली, ती यांनी घेतली. सटाण्याला लहानपणी भावाच्या सायकलवर शिकलेल्या होत्या. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, नेसूची पाचवारी, पदर कमरेला खोचलेला, पुढच्या बास्केटमध्ये वह्यांची पिशवी. घंटी वाजवत कॉलनीतून निघाल्या तेव्हा गॅलऱ्या भरल्या.

"अगं, स्कूटर घरात असताना हे काय?" खंडेराव म्हणाले.

"तुमची स्कूटर दहाला निघते. माझी शाळा सातची. तुम्ही साडेसहाला उठून सोडता का मला?"

खंडेरावांनी पेपर उघडला. साडेसहाला उठणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. दोनेक महिन्यांत वत्सलाबाई बदलल्या. गोदावरीच्या पुलावरून जाताना सुरुवातीला उतरून सायकल ढकलत नेत, ते बंद झालं. मलमाची बाटली कपाटात मागे गेली. पाठ टेकली की झोप लागायची. शाळेतून येताना पंचवटीच्या बाजारातून मेथी, वांगी, गवार, काय ताजं दिसेल ते बास्केटमध्ये भरून आणायच्या. चेहऱ्यावर तकाकी आली. पूर्वी संध्याकाळी भांड्यांची आदळआपट असायची, आता स्वयंपाक करता करता गुणगुणणं ऐकू यायचं. हे सगळं खंडेराव पाहत होते, ताजी मेथी खातही होते. पण कौतुक तोंडातून निघत नव्हतं, कारण त्याच्या आधी लाज यायची. आपण स्कूटरवर आणि बायको सायकलवर. लोक म्हणत असतील, मेल्यानं स्वतःची हौस केली आणि बायकोला पायडल मारायला लावली.

लोक तसं म्हणत होतेच. द्वारकेच्या पानाच्या टपरीवर ऑफिसातल्या कारभारींनी चारचौघांत विचारलंही, "काय खंडेराव, राजा रथात आणि राणी सायकलवर?" टपरी हसली. खंडेरावांचे कान तापले. आणि त्या तापलेल्या कानांच्या भरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टरांनी सांगितलंय हो. हौस नाही ती. आतलं दुखणं आहे तिला. रोज सायकल चालवली नाही तर अवघड आहे म्हणाले."

हसू एकदम थांबलं. कारभारींनी तोंडातलं पान गिळलं. "अरेरे," ते म्हणाले. "मोठं आहे का?"

आता इथे गुडघे म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण चारचौघं पहिल्यांदाच इतक्या आदरानं आपल्याकडे बघताहेत, हे खंडेरावांना सोडवेना. त्यांनी नुसती मान हलवली. आणि वर म्हणाले, "तिला काही माहीत नाही. कृपा करून तिच्यापुढे विषय काढू नका."

झालं. आपल्याकडे मोठं दुखणं आजाऱ्याला सांगायचं नाही, बाकी सगळ्या गावाला सांगायचं, ही रीतच आहे. खंडेरावांनी दुखण्याचं नाव सांगितलं नाही, म्हणून प्रत्येकानं आपापल्या मनानं नाव ठेवलं. कोणी हृदय म्हणालं, कोणी गाठ म्हणालं, कोणी नाव न घेता फक्त डोळे मोठे केले. गॅलऱ्यांतलं हसू बंद झालं. वत्सलाबाई सायकलवर निघाल्या की बायका हात जोडल्यासारख्या उभ्या राहायच्या.

मग मोसंबी सुरू झाली.

पहिल्यांदा शेजारच्या सिंधुबाई आल्या. हातात मोसंब्यांची पिशवी, डोळ्यांत पाणी. हवापाण्याच्या गप्पा मारल्या, वत्सलाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी कारभारी सपत्नीक आले, बिस्किटांचे पुडे आणि मोसंबी. मग वरच्या मजल्यावरचे, मग समोरचे. कोणी दुखण्याचं नाव काढलं नाही. खंडेरावांनी सांगितलं होतं ना, काढू नका म्हणून. सगळे गोड बोलायचे, सायकलची चौकशी करायचे, "चालवा हो, छान आहे, सोडू नका," म्हणायचे.

वत्सलाबाई हरखून गेल्या. "अहो, बघा," एका रात्री त्या मोसंबं सोलता सोलता म्हणाल्या, "मला वाटलं होतं लोक नावं ठेवतील. पण किती आपुलकीनं विचारतात सगळे! सिंधुबाई तर म्हणाल्या, तुमच्याकडे बघून धीर येतो. मला वाटतं, एकीनं सुरुवात केली ना, की बाकीच्यांनाही हुरूप येतो. तुम्ही उगाच घाबरत होतात."

वत्सलाबाईंनी फोड पुढे केली. खंडेरावांनी ती घेतली आणि हातातच धरून ठेवली. आपण किती हलकट आहोत हे त्यांना त्या क्षणी नीट कळलं. पण कळणं वेगळं आणि बोलणं वेगळं. बोलायला त्यांनी उद्याचा मुहूर्त धरला. उद्या आला, की पुन्हा उद्या.

चैत्र लागला. ऊन असं, की दुपारी डांबर चपलेला चिकटावं. अशा एका दुपारी ऑफिसात निरोप आला, सासूबाई सटाण्याच्या गाडीनं स्टँडवर उतरल्यात, न्यायला या. खंडेराव स्कूटर घेऊन गेले. धोंडाबाई खांबाच्या सावलीत बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली, पण कांद्याच्या शेतात अजून उभी राहणारी बाई. जावयाला बघून उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चालू लागल्या. खंडेरावांची नजर त्यांच्या पायांकडे गेली. पायांत काही नव्हतं. टाचा फुटलेल्या, तळव्यांना फोड आलेले, एक फोड फुटून त्यावर धूळ बसलेली. चालताना त्या पाऊल कडेवर टाकत होत्या.

"मामी, चप्पल? गाडीत राहिली का?"

"नई," धोंडाबाई म्हणाल्या. आणि आवाज खाली आणून, "तिले सांगेल नई ना काही?"

म्हणजे बातमी सटाण्यापर्यंत पोचली होती. कॉलनीतलं कोणीतरी बागलाणात, सटाण्याकडच्या एका लग्नाला गेलं होतं. मांडवातल्या जेवणाबरोबर बातमी वाढली गेली होती.

घरी आल्यावर त्या जमिनीवरच बसल्या. वत्सलाबाई शाळेतून यायच्या होत्या. पाणी दिलं, ते घोटघोट प्यायल्या आणि मग बोलल्या. "मी गडवरनी देवीले नवस करेल शे. मनी पोर बरी व्हऊ दे, तोवर मी पायमां चप्पल घालाव नई. महिना व्हई गया. पोर कशी शे, खरं सांगा. तुम्ही पुरुष मानूस, तुमले डॉक्टरनी सांगेल व्हई."

महिनाभर. त्या शेतात, त्या उन्हात, निंदणी करताना, बाजारात, बसस्टँडवर. खंडेरावांना आपल्या पायातले मोजे दिसले आणि त्यांनी पाय आत ओढून घेतले. आता तरी खरं बोलायला हवं होतं. पण लबाड माणसाला खरं बोलायची वेळ आली की आधी जवळची वाट दिसते. त्यांना दिसली.

"मामी, ती बरी झाली आहे," ते म्हणाले. "एकदम बरी. डॉक्टर परवाच म्हणाले, आता काही नाही. तुम्ही चप्पल घाला. मी आत्ता जाऊन नवी घेऊन येतो."

धोंडाबाईंचा चेहरा असा उजळला, की खंडेरावांना बघवेना. त्यांनी हात जोडले, कपाळ जमिनीला टेकलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "तर मंग उद्या मी गडवर जास. नवस फेडानाच शे. वणीपासून पायी जासू, अनवाणी, सगळ्या पायऱ्या चढीसन. फेडाशिवाय चप्पल कशी घालू?"

वणीपासून गड. घाटाचा रस्ता, मग त्या पायऱ्या, चैत्रातलं ऊन आणि हे पाय. एका खोट्यानं म्हातारीचे पाय भाजले होते, दुसऱ्यानं तिचा जीव जायची वेळ आली.

"मामी, थांबा. नवस फेडायची गरज नाही. तिला... तिला कधी काही झालंच नव्हतं."

धोंडाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. उजळलेला चेहरा हळूहळू विझला. मग त्यांनी आपला खरबरीत हात जावयाच्या हातावर ठेवला. कधी ठेवला नव्हता.

"समजनं मले," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता काही आशा राहिनी नई. म्हातारीले वाईट वाटू नई म्हणून सांगी राहिनात ना? आमना गावमां पण असंच सांगतस. मले समजावू नका, जवाईबुवा. मी मननी घट शे."

आता 'नाही' म्हटलं की तेच 'हो' ठरत होतं. आजारी माणसाच्या घरचे 'काही झालं नाही' असंच म्हणतात, हे त्यांनीच तर सगळ्यांना शिकवलं होतं.

तेवढ्यात खाली घंटी वाजली. वत्सलाबाई आल्या. दोन हातांत दोन पिशव्या, जिना भरभर चढून आलेल्या, तरी दम लागलेला नाही, गाल लाल. "माय! कधी आलीस? कळवायचं नाही का?" आणि मग त्यांनी पाय बघितले. पिशव्या तिथेच ठेवल्या. "हे काय गं? काय झालं?"

"काही नई. गरम व्हतं," म्हातारी म्हणाली. पोरीला सांगायचं नव्हतं ना.

वत्सलाबाईंनी परातीत गार पाणी आणलं. आईचे पाय मांडीवर घेऊन धुतले, कोकमाचं तेल लावू लागल्या. म्हातारी पोरीच्या केसांवरून हात फिरवत होती, जणू शेवटचं फिरवून घेत होती. तिचे ओठ थरथरत होते आणि पोरीला काही कळत नव्हतं. ती विचारत होती, माय, रडतेस कशाला, दुखतंय का?

खंडेराव उभे होते तिथून हलले नाहीत. त्यांना वाटलं, आत्ता इथून बाहेर पडावं, स्कूटरला किक मारावी आणि कुठेतरी निघून जावं. त्याऐवजी ते म्हणाले, "मला लाज वाटली."

दोघींनी वर बघितलं.

"सायकलची. वत्सला सायकलवर जाते आणि मी स्कूटरवर, याची लाज वाटली. लोक हसले. म्हणून मी सांगितलं की तिला मोठं दुखणं आहे, डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलंय. तिला कळू नये म्हणून सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. डॉक्टर नाही, दुखणं नाही, काही नाही. मी खोटं बोललो."

या वेळी धोंडाबाईंनी विश्वास ठेवला. आजार लपवायला माणूस काहीही सांगेल, पण असलं लाजिरवाणं कोण स्वतःहून सांगणार?

वत्सलाबाईंच्या हातातली तेलाची वाटी तशीच राहिली. त्यांची नजर हळूच कोपऱ्यातल्या टोपलीकडे गेली. टोपलीत मोसंबी होती.

"म्हणजे ती सगळी..." त्या म्हणाल्या. "मला वाटलं, लोकांना माझं कौतुक वाटतंय."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. खंडेराव शिव्या खायला तयार होते. पण त्या चिडल्या नाहीत. नुसत्या खाली मान घालून आईच्या पायांना तेल लावत राहिल्या, आणि खंडेरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

धोंडाबाईंनी जावयाकडे बघितलं. "सायकलनी लाज वाटनी, म्हणून मनी पोर मराले टाकी?"

खंडेराव त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"आते देवीले काय सांगू मी? नवस तर करेल शे. पाय तर भाजनात."

"मामी, जे सांगाल ते करतो."

म्हातारीनं पाय मांडीवरून काढून घेतले. दाराशी वत्सलाबाईंच्या चपला होत्या, त्या बोटानं ओढून घेतल्या आणि पायात घातल्या. थोड्या मोठ्या होत होत्या. मग जावयाच्या पायांकडे बोट केलं. "तुम्हना काढा. नवस तुम्ही फेडा."

निघायच्या आधी वत्सलाबाईंनी एकच अट घातली. ज्यांनी ज्यांनी मोसंबी आणली त्यांच्या दारात जाऊन खरं सांगायचं, आणि नुसतं 'ती बरी आहे' एवढंच नाही, तर का खोटं बोललात तेही. खंडेराव अनवाणीच गेले. सिंधुबाईंनी आधी डोळे पुसत "हो हो, काही नाही हो तिला," असंच म्हटलं. कारण सांगितल्यावर मात्र त्यांनी डोळे पुसायचे थांबवले आणि दार लावून घेतलं. कारभारी पानाचा डबा शोधायला आत गेले. राजाराणीचा विनोद आपणच केला होता, हे त्यांनाही आठवत असावं.

रविवारी तिघं गडावर गेली. गाडी वरपर्यंत जात होती, पण खंडेरावांना वणीला उतरवलं गेलं. घाट त्यांनी एकट्यानं चालत चढला. वर पोचले तेव्हा पायांना चटके बसून बसून काही कळेनासं झालं होतं, आणि पायऱ्या अजून पुढेच होत्या. धोंडाबाई पोरीच्या चपला घालून, पोरीच्या हाताला धरून चढत होत्या. वत्सलाबाई आईला सांभाळत, बोलत, मध्येच थांबून मागे बघत चालल्या होत्या. त्यांचा श्वास अगदी सरळ होता. रोज गोदावरी ओलांडणाऱ्या पायांना त्या पायऱ्यांचं काय! मागे खंडेराव एक पायरी चढत आणि कठड्याला धरून उभे राहत. छाती भात्यासारखी हलत होती, शर्ट पाठीला चिकटला होता. बायकोच्या आणि त्यांच्या मध्ये अंतर वाढत चाललं होतं. सायकल गोण्यांखाली टाकली त्या दिवसापासून ते वाढत होतं, हे त्यांना आता दिसलं.

अर्ध्यावर ते बसलेच. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. वत्सलाबाई खाली उतरून आल्या, त्यांच्याजवळ बसल्या. ती अट घातल्यापासून त्या पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. "तुमची जुनी सायकल आहे जिन्याखाली. टायर बदलून घ्या. सकाळी लवकर उठावं लागेल मात्र."

खंडेरावांनी मान हलवली. बोलायला श्वास नव्हता.

पायरीच्या कडेला एक बाई पाटीत फळं आणि नारळ घेऊन बसली होती. ती मघापासून त्यांच्याकडे बघत होती. लाल झालेला चेहरा, सुजलेले अनवाणी पाय, शेजारी बसलेली बायको, वर उभी असलेली म्हातारी. तिच्या चेहऱ्यावर तीच कणव आली जी खंडेरावांनी इतके दिवस दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर पाहिली होती.

"आजी, नवस का?" तिनं आवाज खाली आणून विचारलं. "आजारी कोण हाय?"

धोंडाबाईंनी जावयाकडे बोट केलं. "हाऊ," त्या म्हणाल्या. "मना जवाई."

"काय बाई, कर्ता माणूस," ती बाई हळहळली. तिनं पाटीतलं एक मोसंबं उचललं आणि पैसे न मागता त्यांच्या हातात ठेवलं. "खा दादा. लय दम लागलाय. देवी बरं करील."

मी आजारी नाही, असं खंडेरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण असं म्हटल्यावर लोक काय समजतात हे त्यांच्याइतकं त्या गडावर कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी बायकोकडे बघितलं नाही. मान खाली घालून ते मोसंबं सोलू लागले.